खनिज तपासणीची सेवा: यंत्र चोख, काउंटर कच्चा

छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यातली एक खासगी अन्न प्रयोगशाळा ‘मिनरल पॅनेल’ नावाची तपासणी करून देते. एकाच नमुन्यातून लोह, जस्त, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम, फॉस्फरस, तांबं आणि मँगनीज अशी नऊ मूलद्रव्यं मोजली जातात. गिऱ्हाईक बहुतेक मराठवाड्यातलंच: ज्वारी-बाजरीचं पीठ, येसर, मेतकूट, पापड, शेंगदाण्याची चटणी विकणारे बचत गट, गृहउद्योग आणि शेतकरी उत्पादक कंपन्या. प्रयोगशाळेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली लिहिलेल्या उणिवा तिच्या एकटीच्या नाहीत. थोडक्यात मत असं की यंत्रावरचं काम भरवशाचं आहे. पण नमुना यंत्रापर्यंत पोचण्याआधी आणि आकडा कागदावर आल्यानंतर जे घडतं, तिथे गिऱ्हाइकानं स्वतः डोळे उघडे ठेवले नाहीत तर पैसे पाण्यात जातात.

आधी हे ठरवा की तपासणी लागते का. पाकिटावरच्या पोषण तक्त्यात सक्तीनं छापावं लागणारं खनिज एकच, सोडियम. बाकीची खनिजं त्यांच्याबद्दल दावा करणार असाल तरच मोजून घ्यायची. ‘लोहयुक्त’ किंवा ‘कॅल्शियमनं भरपूर’ असं काही लिहायचं नसेल, तर पॅनेल न घेता नुसतं सोडियम करून घ्या. काउंटरवर ही गोष्ट आपणहून कोणी सांगत नाही; अर्जावर ‘मिनरल्स’ या चौकटीत खूण केली की नऊच्या नऊ लागतात. चार-पाचच्या वर मूलद्रव्यं हवी असतील तर पॅनेल परवडतं, एक-दोन हवी असतील तर सुटी घ्यावीत. तोंडी सांगितलेल्या दरात १८ टक्के जीएसटी धरलेला नसतो.

आता यंत्राकडे. इथे आयसीपी-ओईएस आहे. नमुना आम्लात विरघळवून त्याचा फवारा आर्गॉनच्या प्लाझ्मात सोडतात, हजारो अंशांच्या तापमानात प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश टाकतं, आणि त्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून प्रमाण काढतात. सगळी मूलद्रव्यं एका दमात वाचून होतात. जुन्या एएएस यंत्रात, म्हणजे ज्योतीतले अणू किती प्रकाश शोषतात त्यावरून प्रमाण काढणाऱ्या यंत्रात, दर मूलद्रव्याला वेगळा दिवा लावावा लागतो. लोह २४८.३ नॅनोमीटरवर, जस्त २१३.९ वर, कॅल्शियम ४२२.७ वर, असं एकेक करत जायचं. म्हणून एएएस कमी दर्जाचं असं समजू नका. पिठातलं लोह-जस्त ते उत्तम मोजतं. कॅल्शियमला मात्र त्यात एक अडचण येते. धान्यातला फॉस्फेट कॅल्शियमला धरून ठेवतो आणि ज्योतीत आकडा कमी दिसतो. त्यासाठी द्रावणात लँथॅनम घालावं लागतं. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी एएएसवर कॅल्शियम करून घेत असाल तर ‘लँथॅनम घालता का’ एवढं विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर पुढे जा.

काउंटरवर आयसीपी-एमएसचा, म्हणजे प्रकाशाऐवजी अणूंच्या वस्तुमानावरून मोजणाऱ्या यंत्राचा, महागडा पर्यायही पुढे केला जातो. सेलेनियम, शिसं, कॅडमियम असल्या अत्यल्प प्रमाणात असणाऱ्या गोष्टींसाठी तो हवाच. ज्वारीच्या लोहासाठी त्याचे जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. आर्गॉन आणि ऑक्सिजनच्या जोडीचं वस्तुमान ५६ भरतं आणि लोहाच्या मुख्य समस्थानिकाचंही ५६च, त्यामुळे तिथे हेलियम वायू सोडून ही गल्लत दूर करावी लागते. साध्या कामाला उगाच अवघड वाट.

नमुना विरघळवण्याचं काम मायक्रोवेव्ह डायजेस्टरमध्ये होतं आणि ते नीट होतं. अर्धा ग्रॅम पीठ, सात मिलि तीव्र नायट्रिक आम्ल, एक मिलि हायड्रोजन पेरॉक्साइड, बंद भांड्यात २०० अंशांपर्यंत तापवून पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवायचं, मग गार करून शुद्ध पाण्यानं ५० मिलि करायचं. निघालेलं द्रावण स्वच्छ, फार तर फिकट पिवळं दिसायला हवं. शेंगदाणा, कारळ, जवस यांच्या चटण्यांना हेच प्रमाण चालत नाही. तेलामुळे वायू एकदम सुटतो, दाब चढतो, झाकणातून वाफ निसटते आणि तिच्याबरोबर थोडा नमुनाही. तेलकट नमुना पाव ग्रॅमच घ्यावा आणि आम्ल घालून अर्धा तास उघडा ठेवून मगच झाकण लावावं. इथले तंत्रज्ञ हे जाणतात. पण अर्जावर तुम्ही नुसतं ‘चटणी’ लिहिलंत तर ती चिंचेची की शेंगदाण्याची हे त्यांना कसं कळणार? घटक लिहून द्या.

आता आकड्यांचा अंदाज यावा म्हणून एक हिशोब. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत ज्वारीत १०० ग्रॅममागे लोह सुमारे ३.९५ मिग्रॅ आहे, म्हणजे किलोमागे साधारण ४०. अर्धा ग्रॅम पीठ ५० मिलि द्रावणात गेलं की त्या द्रावणात लिटरमागे लोह उरतं ०.४ मिग्रॅ. आम्लातून, भांड्यातून किंवा हवेतल्या धुळीतून लिटरमागे ०.०२ मिग्रॅ लोह जरी आलं, तरी पिठाच्या आकड्यात किलोमागे २ मिग्रॅ, म्हणजे पाच टक्के, फुकटची भर पडते. म्हणून दर खेपेला नमुन्याशिवाय नुसतं आम्ल त्याच वाटेनं नेऊन मोजतात, त्याला ब्लँक म्हणतात, आणि तो आकडा वजा करतात. इथे ब्लँक होतो, प्रत्येक नमुना दोनदा होतो, आणि खनिजांचं प्रमाण आधीच प्रमाणित केलेलं संदर्भ पीठही सोबत चालवलं जातं. त्याची रिकव्हरी, म्हणजे मोजलेला आकडा प्रमाणित आकड्याच्या किती टक्के भरला ते, ९० ते ११० टक्क्यांत असली की काम पटण्यासारखं. ही माहिती अहवालावर छापत नाहीत, पण मेलवर मागितली की देतात. ही या सेवेची खरी जमेची बाजू. मागून न देणाऱ्या प्रयोगशाळा पुष्कळ आहेत.

उणिवा सुरू होतात त्या दळणापासून. आख्खी ज्वारी दिली तर इथे ती स्टीलच्या पात्यांच्या ग्राइंडरमध्ये दळतात. पाती झिजलेली असली की लोह, क्रोमियम आणि निकेल पिठात उतरतं. कॅल्शियमला फरक पडत नाही, लोहाला पडतो. सिरॅमिक किंवा अगेटचा (अकीक दगडाचा) दळणयंत्र-संच आहे, पण तो मागावा लागतो. ‘लोहाच्या दाव्यासाठी नमुना आहे, स्टीलमध्ये दळू नका’ असं अर्जावर ठळक लिहा. शंका आली तर त्याच द्रावणातलं क्रोमियम वाचायला सांगा. लोहाबरोबर तेही वर गेलेलं दिसलं तर दोष पात्यांचा.

तुम्ही पाकिटातून पीठ विकत असाल तर मात्र गणित वेगळं. तुमच्या चक्कीतून जे लोह पिठात आलं, ते गिऱ्हाइकाच्या पोटात जातंच, तेव्हा नमुना दाण्यांचा न देता विक्रीच्या पिठाचाच द्यायचा. फक्त दगडांना नुकतीच टाकी लावली असेल तर त्यानंतरचं पहिलं दळण नमुन्याला देऊ नका. आणि पीठ चाळून विकत असाल तर चाळलेलंच द्या. ज्वारीचं लोह-जस्त बरंचसं कोंड्यात आणि अंकुरात असतं. न चाळलेल्या पिठाचा अहवाल चाळलेल्या पिठाच्या पाकिटावर छापणं म्हणजे सरळ खोटं.

याहून मोठा घोळ मातीचा. आपली काळी माती बेसॉल्ट खडकाची. तिच्यात लोह टक्क्यांत मोजावं लागतं. समजा मातीत ५ टक्के लोह आहे आणि एक किलो दाण्यांना एक ग्रॅम माती चिकटलेली आहे. त्या एका ग्रॅमनं किलोमागे ५० मिग्रॅ लोह वाढतं, म्हणजे ज्वारीच्या स्वतःच्या लोहापेक्षा जास्त! खळ्यावर किंवा रस्त्याकडेला वाळवलेल्या मालात एक ग्रॅम ही काही मोठी गोष्ट नाही. अहवालात ज्वारीचं लोह किलोमागे ८०-९० दिसलं की आनंदून जाऊ नये, आधी माती शोधावी. शोधायची कशी? त्याच द्रावणात ॲल्युमिनियम वाचून घ्या. स्वच्छ दाण्यात ते किलोमागे जेमतेम काही मिग्रॅ असतं, मातीत मात्र लोहासारखंच भरपूर. दोन्ही एकत्र वाढलेली दिसली तर ते लोह पिकाचं नाही, रानाचं आहे. ॲल्युमिनियम या पॅनेलमध्ये नाही, ही आमची सगळ्यात मोठी तक्रार. यंत्र तेच, द्रावण तेच, वाचायला काही सेकंद लागतात. ते दहावं मूलद्रव्य म्हणून आपणहून द्यायला हवं.

स्वस्तातला पर्याय म्हणजे आम्लात न विरघळणाऱ्या राखेची चाचणी. ५५० अंशांवर भट्टीत नमुन्याची राख करतात, ती पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात उकळतात आणि तळाशी राहिलेली रेती-माती वजन करतात. मसाल्यांसाठी ही चाचणी जुनीच आहे, येसर विकणाऱ्यांनी ती करून घ्यावीच. एक सावधगिरी बाळगा. माहितीपत्रकात एकूण राखेच्या आकड्याला ‘टोटल मिनरल्स’ म्हटलेलं आहे. राखेत वाळूही असते. राख वाढली म्हणजे पोषण वाढलं असा अर्थ काढून तो पाकिटावर छापणारे लोक आहेत, त्यांच्यात जाऊ नका.

नमुना काढण्याबद्दल प्रयोगशाळेचं एकच वाक्य आहे, ‘५०० ग्रॅम पाठवा’. मोंढ्यातून आलेल्या वीस पोत्यांच्या मालातून हे ५०० ग्रॅम कुठून काढायचं? एका पोत्याच्या तोंडाशी हात घालून तर नक्कीच नाही. वाहतुकीत जड आणि बारीक माल तळाशी जातो, हलका कोंडा वर राहतो. पाच-सहा पोत्यांच्या वरून, मधून आणि तळातून दाणे घ्या, स्वच्छ कापडावर एकत्र कालवा, ढीग सपाट करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन बाजूला करा, आणि ५०० ग्रॅम उरेपर्यंत हेच करत राहा. पिशवी प्लॅस्टिकची, नवी, झिप असलेली. लोखंडी डबा किंवा स्टेपल मारलेली पिशवी वापरू नका. दोन पिशव्या भरा, एक घरी सीलबंद ठेवा.

फोर्टिफाइड तांदळात तर नमुन्याचा प्रश्न आणखी चिवट होतो. शंभर दाण्यांत एक या प्रमाणात लोह घातलेले कृत्रिम दाणे मिसळलेले असतात आणि मिसळून तयार झालेल्या तांदळात किलोमागे २८ ते ४२.५ मिग्रॅ लोह अपेक्षित असतं. अर्धा ग्रॅम तांदूळ म्हणजे साधारण पंचवीस दाणे. तेवढ्यात एखादा कृत्रिम दाणा आला तर आकडा अपेक्षेच्या काही पट, नाही आला तर घातलेलं लोह नाहीच. सगळा ५०० ग्रॅम बारीक दळून, कालवून, मग त्यातला अर्धा ग्रॅम घेतला तरच आकड्याला अर्थ. इथे आधी मूठभर काढून तेवढंच दळण्याची सवय आहे. ‘पूर्ण नमुना दळा’ हेही लिहून द्यायच्या यादीत घ्या.

अहवाल हातात आला की पहिलं एकक बघा. इथले अहवाल मिग्रॅ प्रति किलो, म्हणजेच पीपीएममध्ये असतात. पाकिटावर छापायचं असतं ते १०० ग्रॅममागे. दहानं भागायचं राहून गेलं की ज्वारीच्या पाकिटावर लोह ४० मिग्रॅ छापलं जातं आणि अशी पाकिटं बाजारात दिसतात. हीच गल्लत बियाण्याच्या बाबतीतही होते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची ‘परभणी शक्ती’ ही २०१८ साली आलेली ज्वारी, तिच्यात लोह ४५ आणि जस्त ३२ पीपीएम सांगितलं जातं. त्याच विद्यापीठाच्या बाजरीच्या ‘एएचबी १२००’ वाणात लोह ७३ आणि ‘एएचबी १२६९’ मध्ये ९१ पीपीएम. हे सगळे आकडे किलोमागचे. १०० ग्रॅम परभणी शक्तीत लोह ४.५ मिग्रॅ होतं, ४५ नव्हे. आणि वाण तेच असलं तरी रान वेगळं असतं. चुनखडीयुक्त, जस्त कमी असलेल्या जमिनीत त्याच बियाण्याचा आकडा खाली येऊ शकतो, त्यामुळे बियाण्याच्या माहितीपत्रकावरचा आकडा पिठाच्या पाकिटावर उतरवता येत नाही.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. अहवालात ‘कोरड्या वजनावर’ असं बारीक अक्षरात असू शकतं. १० टक्के ओलावा असलेल्या पिठात ४.० मिग्रॅ असेल तर कोरड्या वजनावर तेच ४.४४ होतं. विकलं जातं ते ओलाव्यासकट पीठ, तेव्हा ‘आहे त्या स्थितीत’ असा आकडा मागा आणि सोबत ओलाव्याची टक्केवारीही घ्या. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नसतील तर भांडायच्या आधी हे तपासा. निम्मे वाद इथेच मिटतात. दशांश चिन्हापुढच्या आकड्यांनाही भुलू नका. मापनाची अनिश्चितता ±०.४ असेल तर ४.२३७ मधल्या ३७ ला काही किंमत नाही. पाकिटावर ४.२ पुरे.

पापडवाल्या ताईंसाठी वेगळा इशारा. नुसतं सोडियम मागितलं आणि पद्धत सांगितली नाही, तर स्वस्त पर्याय म्हणून इथे मिठाची चाचणी करून त्यावरून सोडियम काढून देतात. सिल्व्हर नायट्रेटनं क्लोराइड मोजायचं, ते मीठ धरायचं आणि ०.३९३ नं गुणायचं. लोणच्याला हे बऱ्यापैकी चालून जातं. पापडात पापडखार असतो. त्यात सोडियम आहे पण क्लोराइड नाही, त्यामुळे खारातलं सगळं सोडियम हिशोबातून गळतं आणि पाकिटावर कमी आकडा जातो. पापड, खारी, सोडा घातलेला कुठलाही पदार्थ, यांचं सोडियम फ्लेम फोटोमीटरवर किंवा आयसीपीवर थेट मोजून घ्या. खारट पदार्थाची भट्टीत राख करून जस्त मोजू देऊ नका. क्लोराइडसोबत जस्ताचा काही भाग उडून जातो. बंद भांड्यातलं आम्ल-पचनच हवं.

आयोडीन या पॅनेलमध्ये नाही आणि ते बरोबरच आहे. नायट्रिक आम्लात तापवताना आयोडीन निसटतं, त्याला अल्कलीत काढायची वेगळी पद्धत लागते. मिठातलं आयोडीन तर साध्या थायोसल्फेट अनुमापनानं कळतं. कोणी याच पॅनेलमध्ये आयोडीनही ‘धरून देतो’ म्हणालं तर सावध व्हा.

दाव्यांच्या बाबतीत काउंटरवर सल्ला घेऊ नका. नियमात ‘स्रोत’ म्हणायला १०० ग्रॅममागे शिफारस केलेल्या रोजच्या गरजेच्या १५ टक्के आणि ‘भरपूर’ म्हणायला ३० टक्के खनिज लागतं. लोहाची गरज २०२० च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाला १९ आणि स्त्रीला २९ मिग्रॅ आहे. १९ धरले तर ‘भरपूर’ची पायरी ५.७ मिग्रॅवर येते. साधी ज्वारी तिथे पोचत नाही, चांगली बाजरी पोचते. नाचणीचं कॅल्शियम, तक्त्याप्रमाणे १०० ग्रॅममागे ३६४ मिग्रॅ, हजाराच्या गरजेपुढे ३० टक्क्यांच्या वर निघतं, म्हणून तिथे दावा टिकतो. शरीरात किती शोषलं जातं हा निराळा विषय, लोह-जस्ताला धरून ठेवणाऱ्या फायटेटची चाचणी वेगळी आणि महाग, आणि पाकिटाच्या कायद्याला ती लागत नाही.

एनएबीएलचं, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं, चिन्ह अहवालावर आहे म्हणून सगळं झालं असं धरू नका. मान्यता प्रयोगशाळेला सरसकट नसते. कुठल्या पदार्थात, कुठलं मूलद्रव्य, कुठल्या पद्धतीनं, अशी यादी असते आणि ती एनएबीएलच्या संकेतस्थळावर उघडी आहे. या प्रयोगशाळेची धान्य आणि पीठ यांची यादी पूर्ण आहे, मसाला मिश्रणांत दोन-तीन मूलद्रव्यं तिच्याबाहेर पडतात. ती ज्या अहवालात असतील त्यावर चिन्ह नसतं आणि हे तुम्हाला पैसे भरल्यावर कळतं. येसर-मेतकूटवाल्यांनी आधीच लेखी विचारावं.

मुदत सांगतात आठवड्याची, सणासुदीच्या आधी ती वाढते. आकडा पटला नाही तर फेरतपासणी मागता येते, पण प्रयोगशाळा उरलेला नमुना मोजकेच दिवस सांभाळते, त्यामुळे अहवाल आला त्याच दिवशी वाचा. फेरतपासणीला त्यांच्याकडचा शिल्लक नमुना आणि तुमच्या घरची सीलबंद पिशवी असे दोन्ही चालवायला सांगा. दोन्हींचे आकडे एकमेकांशी जुळले आणि पहिल्याशी जुळले नाहीत, तर फेरतपासणीचे पैसे ते घेत नाहीत. ही अट कोटेशनच्या मागच्या पानावर छापलेली आहे.